नागपुरातल्या मेडिकलवाल्यांना खुले पत्र: गोळी देण्याआधी एकदा तिला विचारा

औषध दुकानदार आणि फार्मासिस्ट बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका आहे. 31 वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, त्यातली बहुतेक प्रसूती वॉर्डात आणि नवजात बाळांच्या खोलीत. हे पत्र लिहायला बसले तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, हे डॉक्टरांना लिही ना, मेडिकलवाल्यांना कशाला?" मी तिला म्हटलं, पाळी चुकलेली बाई आधी डॉक्टरकडे जात नाही गं, मेडिकलमध्ये जाते.

तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. धंतोली-रामदासपेठेत डॉक्टरांच्या पाट्यांना तोटा नाही. पण नंबर लावून, फी जमवून, सासूला किंवा नवऱ्याला सोबत घेऊन तिथे पोचेपर्यंत बाईला तिसरा महिना लागलेला असतो. तोवर तिचं डोकं दुखतं, पित्त उसळतं, कंबर भरून येते, आणि प्रत्येक वेळी ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये येते. महालात असो, मानेवाड्यात असो की कळमन्यात, त्या दोन-अडीच महिन्यांत तिला भेटणारा औषधातला जाणकार माणूस एकटे तुम्हीच असता. बाळाचं जे काही बिघडायचं, ते बहुतेक याच दिवसांत बिघडतं. म्हणून पत्र तुम्हाला.

एक चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. 2016 सालची गोष्ट. काटोलकडची मुलगी, वय 23, पहिलटकरीण. बाळ जन्मलं ते पाठीवर निजवता येईना. कमरेच्या जरा वर, मणक्यावर, लिंबाएवढी फुगी होती, वरची कातडी इतकी पातळ की आतलं पाणी दिसावं. मी सलाइनमध्ये भिजवलेला गॉज त्यावर ठेवला होता आणि तो सुकू नये म्हणून थोड्या थोड्या वेळाने ओला करत होते. हात हलवत होतं बाळ, रडत होतं, पण पाय हलत नव्हते. आई कॉटवरून मान वळवून विचारत होती, "सिस्टर, याले असं पालथं काहून निजवलं जी?"

डॉक्टरांनी विचारलं, काही औषधं सुरू होती का. तिच्या सासूने पिशवी उघडली, त्यातून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली चिठ्ठी काढली. घड्यांवर फाटत आलेली, सेलोटेप लावलेली. मुलगी 17 वर्षांची असताना तिला मिरगीचे झटके येत होते, तेव्हा लिहिलेली गोळी: सोडियम व्हॅल्प्रोएट. झटके थांबले. मग कोणी पुन्हा डॉक्टरकडे गेलंच नाही. त्याच चिठ्ठीवर सहा वर्षं गोळ्या मिळत गेल्या. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला दुकानांचे शिक्के होते, एकावर एक, जांभळे, काही पुसट झालेले. दोन-तीन वेगवेगळ्या दुकानांचे. कोणत्या, ते मी लिहिणार नाही, ते महत्त्वाचंही नाही. मी रात्रपाळीत ती चिठ्ठी घेऊन बसले आणि तारखा वाचल्या. तिच्या लग्नानंतरच्या तारखेचे शिक्के सात होते.

मी तिला विचारलं, गोळ्या आणायला कोण जायचं? "मीच जायची जी." म्हणजे हिरवा चुडा भरलेला हात सात वेळा काउंटरवर आला, सात वेळा गोळ्यांचा पत्ता दिला गेला, पैसे घेतले गेले, शिक्का मारला गेला. पोरी, लग्न झालं तुझं, ही गोळी सुरू आहे, मूल होऊ देण्याआधी एकदा डॉक्टरला भेट, एवढं एक वाक्य सात वेळांत एकदाही कुणाच्या तोंडून निघालं नाही. "मले कोनीच नाही सांगतलं जी," ती म्हणाली, आणि मला उत्तर देता आलं नाही.

आता न्यायाचं बोलते. त्या एका बाळाचं त्या गोळीनेच झालं असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. एकही गोळी न घेतलेल्या शंभर बायांची बाळंतपणं पाहिली तर दोन-तीन बाळांत काहीतरी मोठं व्यंग निघतंच. पण गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या शंभर आयांच्या बाळांत हा आकडा दहाच्या आसपास जातो. मणका उघडा राहणं, टाळू दुभंगणं, हृदयाला भोक. आणि जी बाळं दिसायला अगदी धडधाकट असतात, त्यांतही शंभरातल्या तीस-चाळीस मुलांचं बोलणं, चालणं, शिकणं मागे पडतं. ब्रिटनमध्ये 2018 पासून मूल होण्याच्या वयातल्या बाईला ही गोळी गर्भ न राहण्याची पक्की व्यवस्था केल्याशिवाय देत नाहीत. आपल्याकडे ती झटक्यांसाठी देतात, मानसिक आजारासाठी देतात, अर्धशिशीसाठीसुद्धा देतात. आणि चिठ्ठी जुनी झाली तरी गोळी मिळत राहते.

दिवसांचा हिशेब नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावर आहे. गर्भ राहिल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत औषधाचा घाव बसला तर बहुधा गर्भ टिकतच नाही, किंवा टिकला तर सावरून जातो. खरे नाजूक दिवस तिसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंतचे. साधारण 22 व्या दिवशी हृदय धडधडू लागतं. 28 व्या दिवसापर्यंत मेंदू-मणक्याची नळी मिटलेली असते. त्याच सुमाराला हातांचे कोंब फुटतात. आता हे तिच्या पाळीशी जोडून बघा. पाळी चुकून दोन आठवडे झाले की ती नळी मिटण्याची मुदत संपली. तेव्हा बाई काय म्हणत असते? "थोडी लांबली असेल, उन्हामुळे." नागपूरच्या मे महिन्यात तर हे हमखास ऐकायला मिळतं.

म्हणूनच तिसऱ्या महिन्यात हातात दिलेली फॉलिक अॅसिडची गोळी मणक्यापुरती उशिराची असते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही तशीच देत होते आणि काम झालं समजत होते. ती गोळी मूल हवं असं ठरल्यापासूनच सुरू व्हायला हवी. मिरगीच्या औषधावर असलेल्या बाईला डॉक्टर जास्त ताकदीची, 5 मिलिग्रॅमची लिहून देतात.

तुमच्या मांडणीवर यातलं काय काय आहे ते तुम्ही जाणताच, तरी दोन-तीन गोष्टींवर मला थांबायचंच आहे.

पहिली, मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन. लग्न ठरलेल्या मुली ही गोळी घेतात, कारण हळदीला चेहरा नितळ हवा. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर घेतात, मोबाइलमधला फोटो दाखवून घेतात. आणि लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात दिवस जातात. या गोळीवर असताना राहिलेल्या गर्भांपैकी पाचातल्या एकाला, काही अभ्यासांत त्याहून जास्त, मोठं व्यंग आढळलं आहे: कान नसणं, हृदयाचे दोष, मेंदूत पाणी. गोळी बंद केल्यावरही एक महिना गर्भ राहू द्यायचा नसतो. घरात लग्नपत्रिका छापायला गेली असेल तर ही तारीख मुलीला कोणी सांगायची? चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरने सांगायचीच. पण ती मुलगी चिठ्ठीवाली नसेल, तर तुमच्याशिवाय कोण उरलं?

दुसरी, गर्भ पाडायचं किट. यावर मला मोकळं बोलायचं आहे. नवरा येतो, इकडे-तिकडे बघतो, हळूच म्हणतो, "ते किट द्या." तुम्ही कागदात गुंडाळून देता. गर्भ किती आठवड्यांचा, गर्भाशयाबाहेर नळीत तर नाही ना, बाईच्या अंगात रक्त किती, कोणाला माहीत नसतं. हे किट 9 आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली वापरायचं आहे. रक्त जातं, घरातले समजतात सुटली. काही वेळा गर्भ तसाच राहतो. मग तीन महिन्यांनी पोट दिसायला लागतं आणि घरात ठरतं की आता होऊ द्या. त्या गर्भाने किटमधलं मिसोप्रोस्टॉल हे औषध सोसलेलं असतं. अशा बाळांत चेहऱ्याच्या नसा लुळ्या पडलेल्या, हातापायांची बोटं अर्धवट, असं आढळलं आहे. हसता न येणारं बाळ मी एक पाहिलं आहे. आईला कळत नव्हतं की ते आपल्याकडे बघून हसत का नाही.

बाईला मूल नको असेल तर तो तिचा हक्क आहे, काही अटींसह 1971 पासून कायद्यात त्याची सोय आहे, आणि तिला त्याबद्दल काउंटरवर कोणी बोल लावू नये. किट ठेवणंच बंद करा असंही मी म्हणत नाही, त्याने ती आणखी वाईट ठिकाणी जाईल. माझं म्हणणं एवढंच की चिठ्ठीशिवाय देऊ नका. तिला सांगा, सरकारी दवाखान्यात जा, तिथे हे नीट होतं. आणि किट घेऊनही गर्भ राहिला असेल तर गप्प बसू नको, डॉक्टरला खरं सांग.

तिसरी तुमच्या दुकानात नसेलही, पण तुमच्याच गल्लीत मिळते. मुलगा होण्याचं औषध. दुसऱ्या महिन्यात, गाईच्या दुधातून, पूर्वेकडे तोंड करून घ्यायची पूड. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्या क्षणीच ठरलेलं असतं. दुसऱ्या महिन्यात ठरत असतात ते हृदय, हात, पाय, टाळू. हरियाणात यावर अभ्यास झाला तेव्हा अशी औषधं घेतलेल्या आयांच्या बाळांत व्यंगं जास्त सापडली, आणि काही नमुन्यांत टेस्टोस्टेरॉनसारखं संप्रेरकही निघालं. कोणी बाई तुम्हाला विचारेल, "भाऊ, हे घेऊ का?" तर तिला आवाज चढवून नाही म्हणा.

बाकीची भराभर सांगते. ब्लडप्रेशरच्या एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन या गोळ्या पुढच्या महिन्यांत बाळाच्या मूत्रपिंडांना मारतात, बाळाभोवतीचं पाणी आटतं. गरोदर बाईसाठी मिथिलडोपा, लॅबेटालॉल आहेत. कंबरदुखीची डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन पाचव्या महिन्यानंतर नको. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने मुलाचे दात कायमचे पिवळे-तपकिरी होऊ शकतात. हृदयाची झडप बदललेल्या बाईची रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरूही ठेवायची नाही आणि बंदही करायची नाही. आणि आपल्या विदर्भात घरोघर सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, त्यामुळे त्यावरच्या हायड्रॉक्सीयुरियाकडे विशेष लक्ष द्या. ती गोळी रुग्णाचं दुखणं खरंच कमी करते, पण मूल हवं असेल तर काही महिने आधी डॉक्टरशी बोलून ती थांबवावी लागते. पुरुषानेसुद्धा आधी विचारायला हवं.

पाळी लांबवायच्या गोळीबद्दलही एक शब्द. महालक्ष्म्या जवळ आल्या की ती किती खपते ते तुम्हाला ठाऊक आहे. ती घेतलेली बाई पाळी न येण्याचं खापर गोळीवर फोडते. गर्भ आधीच राहिलेला असेल तर त्या समजुतीत आणखी महिना निघून जातो, आणि मधल्या काळात ती इतर काहीही घेत राहते. गोळ्या संपल्यावर आठवड्यात पाळी आली नाही तर टेस्ट कर, एवढं सांगायला वेळ लागत नाही.

तुमच्यातले काही म्हणतील, सिस्टर, आता बायांना घाबरवायचं का? नाही. याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. बहुतेक औषधांनी बाळाला काही होत नाही. तापाला पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालतं, आणि अंगात ताप तसाच राहू देणंच वाईट. थायरॉइडची गोळी, दम्याचा पंप, इन्सुलिन, टीबीच्या नेहमीच्या गोळ्या बंद केल्या तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. मिरगीची गोळी तर कधीच एकाएकी थांबवायची नाही. मोठा झटका आला तर दोघांचाही जीव जाऊ शकतो. त्या काटोलच्या मुलीला सातव्यांदा आली तेव्हा गोळ्या न देता परत पाठवायला हवं होतं, असं मी म्हणतच नाही. गोळ्या द्यायच्याच होत्या, आणि सोबत तिला डॉक्टरकडे पाठवायचं होतं. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम अशी तुलनेने सुरक्षित औषधं आहेत. बदल डॉक्टर करतील, हळूहळू करतील, गर्भ राहण्याआधी करतील. काउंटरवर कोणीही गोळी बदलून देऊ नये.

"आमच्याकडे गर्दी असते," हेही मला माहीत आहे. संध्याकाळी सात ते नऊ तुमच्या काउंटरवर उभं राहायला जागा नसते. "आम्ही नाही दिलं तर शेजारचा देईल." देईल. म्हणून हे पत्र एकाला नाही, सगळ्यांना आहे. गंजीपेठेतल्या दवा बाजारात तुमची रोजची ऊठबस आहे, संघटना आहे, बैठका होतात. तिथे हा विषय एकदा काढा.

कायद्याची आठवण करून देणं मला आवडत नाही, पण शिक्क्यांमुळे करावी लागते. लाल रेघेच्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधाच्या चिठ्ठीवर दुकानाचं नाव, पत्ता, तारीख टाकायची, हा 1945 च्या औषध नियमांतला नियम आहे. त्याच नियमात असंही आहे की डॉक्टरने पुन्हा द्या असं लिहिलं नसेल तर त्या चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध द्यायचं नाही. शिक्का म्हणजे तुम्हाला जुनी तारीख दिसावी याची सोय. आणि 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच ठरवलं आहे.

1957 मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी बाजारात आली. गरोदर बायांनाही चालते अशी तिची जाहिरात होती आणि दुकानात ती बिनचिठ्ठीची मिळायची. मळमळीसाठी बायांनी घेतली. 1961 च्या नोव्हेंबरात ती तिथे मागे घेतली, पण तिच्यामुळे जगभरात दहा हजारांच्या आसपास बाळं हात-पाय खुरटलेली जन्मली. काहींच्या आयांनी नाजूक दिवसांत एखादीच गोळी घेतली होती. अमेरिकेत मात्र तेव्हा ती विक्रीला आली नाही, कारण परवानगीचा कागद तिथल्या सरकारी औषध खात्यातल्या फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाईंच्या टेबलावर होता आणि त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या की पुरावा कुठे आहे, गर्भाचं काय. कंपनी मागे लागली होती, तरी त्या विचारत राहिल्या. आणि ही गोळी इतिहासजमा झालेली नाही. कुष्ठरोगाच्या रिअॅक्शनसाठी आणि रक्ताच्या एका कर्करोगासाठी ती आजही वापरतात, आपल्या भागातही. घेणारा पुरुष असेल तर त्यालाही निरोध वापरायला सांगावं लागतं, कारण औषध वीर्यात उतरतं.

आता, विचारायचं कसं. चारचौघांत "दिवस गेलेत का?" असं ओरडून नाही. बाई लाजेल, खोटं बोलेल आणि पुन्हा येणार नाही. मी माझ्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये बसून पाहिलं आहे. हळू आवाजात, पत्ता हातात धरून, "ताई, पाळी वेळेवर येते ना? काही शंका असेल तर ही गोळी आज देत नाही," असं म्हटलं की बाई थबकते. दहातली एखादी म्हणते, "थांबा भाऊ, आठ दिवस वर झालेत." मुलीसाठी बाप आला असेल तर, "ही गोळी कोणासाठी? लग्न झालंय का? मूल होऊ द्यायचं असेल तर आधी डॉक्टरला भेटा," एवढं सरळ विचारा, बापाला राग येत नाही. रोजच्या गोळ्या नेणाऱ्या तरुण बाईला वर्षातून एकदा तरी म्हणा, चिठ्ठी जुनी झाली, नवी करून आण. काउंटरवर मुलगी कामाला असेल तर हे काम तिच्याकडे द्या. बायका तिला पटकन सांगतात.

एखादीने आधीच काही घेतलेलं असेल तर तिला घाबरवू नका. तारीख आणि गोळीचं नाव कागदावर लिहून द्या आणि मेडिकल कॉलेज, मेयो, डागा, एम्स, जे सरकारी रुग्णालय जवळ असेल तिथे पाठवा. 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नको असं सांगा. पुष्कळ घरांत वाटतं की सोनोग्राफीलाच बंदी आहे. बंदी मुलगा-मुलगी सांगायला आहे. आणि औषधाचा वाईट परिणाम दिसला तर 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवता येतं, तुम्हालाही आणि त्या आईलाही.

काटोलची ती मुलगी दोन वर्षांनी पुन्हा आली होती. दिवस गेलेले नव्हते. नवी चिठ्ठी दाखवायला आली होती, गोळी बदललेली, 5 मिलिग्रॅमचं फॉलिक अॅसिड सुरू झालेलं. तिच्या कडेवर मुलगा होता, ऑपरेशन झालेला, पायांत कॅलिपर घातलेला. मी चिठ्ठी उलटून पाहिली. मागच्या बाजूला एकच शिक्का होता, आणि त्याखाली कोणीतरी निळ्या पेनाने लिहिलं होतं, "समजावून सांगितले." कोणत्या दुकानातल्या कोणी लिहिलं ते मी विचारलं नाही. हे पत्र त्यांच्या हाती पडलं, तर त्यांना माझा नमस्कार.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
नागपूर